उद्योगप्रमुखांच्या बंद गटाचे सभासदत्व : तीन वर्षांनंतरचे परीक्षण

ही सेवा रीतसर करार करून आणि वार्षिक शुल्क भरून घेता येते, परंतु तिच्यात नेमके काय विकले जाते हे करारपत्र वाचून कळत नाही. कंपन्यांचे मालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी अशा बारा-चौदा जणांचा एक गट बांधायचा, महिन्यातून एक पूर्ण दिवस त्यांची बैठक घ्यायची, बैठक चालवण्यासाठी एक अनुभवी समन्वयक द्यायचा आणि आत बोललेले बाहेर जाणार नाही अशी प्रत्येकाकडून लेखी हमी घ्यायची, एवढाच तिचा सांगाडा आहे. अशा संस्था जगभर आहेत आणि त्यांतल्या काही सात दशकांहून जुन्या आहेत. मी ज्या संस्थेचा तीन वर्षे सभासद होतो तिचे नाव येथे देत नाही. ज्या उणिवा मी सांगणार आहे त्या या प्रकारच्या सेवेच्या रचनेतूनच येतात असे माझे मत झाले आहे, शिवाय गटातली माणसे ओळखू येतील असे काही लिहिणार नाही, अशा लेखी हमीखाली माझी सही आहे.

माझा कारखाना ओतकामाचा आहे. पंप आणि व्हॉल्व्ह यांची बिडाची कास्टिंग्ज आम्ही करतो. आमच्या धंद्याची स्वतःची संघटना आहे, तिच्या सभांना मी वर्षानुवर्षे जात आलो आहे, आणि तिथे भेटणारी माणसे मला प्रियही आहेत. पण त्या सभांतून परतताना नवे काही हाती लागले आहे असे क्वचितच वाटले. आम्ही सगळे एकाच भट्टी-विक्रेत्याचे बोलणे ऐकतो, त्याच वाळूबद्दल त्याच तक्रारी करतो आणि आमचे ग्राहकही बहुतेक सामायिकच असल्यामुळे जे खरोखर महत्त्वाचे ते एकमेकांपासून राखून ठेवतो. धंद्याबाहेरच्या माणसांसमोर मोकळेपणाने बोलता यावे, हा या सेवेकडे वळण्यामागचा माझा हेतू होता.

प्रवेशाची पद्धत मला पहिल्याच दिवशी आवडली. एका धंद्याला एकच खुर्ची, असा तिचा नियम आहे. कल्पना जुनी आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस यांनी सुरू केलेल्या रोटरीनेही आरंभापासून एका व्यवसायाचा एकच सभासद हे तत्त्व धरले होते. प्रतिस्पर्धी समोर नसला की माणूस आपल्या नापास मालाबद्दल, उधारीबद्दल, सोडून गेलेल्या पर्यवेक्षकाबद्दल बोलू लागतो. आमच्या गटात औषधी गोळ्यांच्या कारखान्याच्या एक संचालिका होत्या, एक छपाई आणि पॅकेजिंगवाले, एक मालवाहतूकवाले, एक सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक, एक यंत्रसामग्रीला कर्ज देणाऱ्या संस्थेचे प्रमुख, एक लाकडी व धातूचे पॅटर्न (ज्यांच्यावरून वाळूचा साचा उठवतात त्या प्रतिकृती) आणि साधने बनवणारे, आणि असेच आणखी काही जण. पहिल्या बैठकीत मी कोणालाच ओळखत नव्हतो आणि पुढे पाहता तेच या सेवेचे सर्वांत मोठे भांडवल होते.

दिवसाची आखणी अशी असते. सकाळी प्रत्येकाने महिन्याचा थोडक्यात हिशेब द्यायचा, त्यानंतर दोघा-तिघांनी आपला एकेक प्रश्न मांडायचा. प्रश्न मांडणाऱ्याला दहा मिनिटे मिळतात. त्यानंतरचा अर्धा तास इतरांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला अजिबात द्यायचा नाही, आणि हा नियम आमचे समन्वयक घड्याळ समोर ठेवून इतक्या काटेकोरपणे पाळून घेत की सुरुवातीला मला तो पोरखेळ वाटे. ‘तुम्ही असे का करत नाही?’ हे प्रश्नाच्या वेषातले सल्ल्याचे वाक्यही ते मधेच तोडत. या अर्ध्या तासाचे महत्त्व मला पाचव्या बैठकीत कळले.

त्या वेळी आमच्या एका व्हॉल्व्ह-बॉडीत ब्लोहोलचे (धातूत राहिलेल्या पोकळ्यांचे) रिजेक्शन वाढले होते. दमट दिवसांत ते जास्त असे, कोरड्या दिवसांत कमी, पण नेहमी नाही. आम्ही वाळू बदलून पाहिली, ओतण्याचे तापमान वाढवून पाहिले, साच्यातल्या वायूला वाट मिळावी म्हणून व्हेंट वाढवले. मी हे सगळे बैठकीत सांगितले. औषध कारखान्याच्या संचालिकांनी वहीतून मान वर न करता विचारले, “तयार झालेले कोअर ओतकामाआधी किती वेळ पडून राहतात?” (कोअर म्हणजे कास्टिंगमधली पोकळी घडवण्यासाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा.) मी म्हणालो, एक दिवस, कधी तीन दिवस. “आणि ज्या खोलीत ते राहतात तिथली आर्द्रता किती असते?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या खोलीत आर्द्रता मोजण्याचे साधनच नव्हते.

कोअरमधली वाळू धरून ठेवणारा बाइंडर हवेतले पाणी ओढून घेतो, वितळलेले लोखंड त्याला भिडताच त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धातूत पोकळी राहते, हे ओतकामातल्या कोणत्याही उमेदवाराला ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. पण माहीत असणे आणि त्याकडे पाहणे यांत अंतर असते. गोळ्यांच्या धंद्यात खोलीची आर्द्रता भिंतीवर दिसते आणि दर पाळीला नोंदवहीत उतरते. त्यामुळे त्यांच्या तोंडी आलेला पहिलाच प्रश्न तो होता. पुढच्या आठवड्यात आम्ही कोअरच्या रॅकजवळ एक आर्द्रतामापक टांगला, प्रत्येक ट्रेवर खडूने तारीख आणि वेळ लिहायला सुरुवात केली, आधी आलेला कोअर आधी गेलाच पाहिजे असा दंडक घातला आणि त्या खोलीचे दार बंद ठेवून आत हवा कोरडी करणारे एक यंत्र बसवले. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करण्याच्या) विभागाच्या मागे बाद मालाचा जो ढीग दर दमट महिन्यात साठत असे, तो त्या वर्षी साठला नाही. या एका प्रश्नात माझे तीन वर्षांचे शुल्क वसूल झाले, हे मी आताच नोंदवतो, कारण पुढचे लिखाण बरेचसे टीकेचे आहे.

असे प्रश्न कोण विचारू शकते, याचा विचार मी त्यानंतर बराच केला. १९५७ साली ट्रान्झिस्टरच्या संशोधकांपैकी एक असलेल्या शॉकली यांची प्रयोगशाळा सोडू पाहणाऱ्या आठ तरुणांपैकी युजीन क्लायनर यांनी एक पत्र लिहिले होते. ते कोणा उद्योगपती मित्राला लिहिलेले नव्हते. त्यांच्या वडिलांचे व्यवहार न्यू यॉर्कच्या ज्या दलाली पेढीमार्फत चालत, त्या पेढीला ते लिहिले होते. ते आर्थर रॉक नावाच्या तरुण विश्लेषकाच्या हाती पडले, रॉक यांनी एकामागून एक कंपन्यांचे दरवाजे ठोठावले, बहुतेकांनी नकार दिला, आणि शेवटी शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने पैसे घातले. फेअरचाइल्ड सेमीकंडक्टरमधून पुढे एकात्मिक मंडल (चिप) आले आणि तिथल्याच नॉइस व मूर यांनी १९६८ साली इंटेल काढली. हे सगळे ज्या धाग्यावर लटकले होते तो धागा ‘वडिलांच्या दलालाच्या पेढीतला कोणीतरी’ इतका बारीक होता. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली हेच तत्त्वरूपाने मांडले: जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला माहीत असते तेच माहीत असते, नवी बातमी येते ती तोंडओळखीच्या माणसाकडून. माझ्या सेवेच्या माहितीपत्रकावर मात्र ‘आयुष्यभराची घट्ट नाती’ असे ठळक अक्षरांत छापलेले आहे.

घट्ट नाती अर्थातच निरुपयोगी नसतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्मिंगहॅमच्या परिसरात ‘ल्यूनर सोसायटी’ नावाची मित्रमंडळी जमत असे. रात्री घरी परतताना उजेड मिळावा म्हणून पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरण्याची त्यांची रीत होती, त्यावरून हे नाव पडले. कारखानदार मॅथ्यू बोल्टन, इंजिन बनवणारे जेम्स वॉट, मातीच्या भांड्यांचे जोसाया वेजवुड, वैद्य इरॅस्मस डार्विन, रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली हे त्यातले काही. वॉट यांचे वाफेच्या इंजिनाचे १७६९ चे पेटंट कागदावर होते, पण वाफ गळणार नाही इतका अचूक गोल सिलिंडर कोणी करून देत नव्हते. तो करून दिला जॉन विल्किन्सन यांनी, आणि ते या मंडळाच्या परिघावरचे लोखंडवाले होते. पुढे मंडळात आलेल्या प्रीस्टली यांच्या पत्नीचे ते भाऊ. तोफांच्या नळ्या आतून कोरण्यासाठी त्यांनी १७७४ साली काढलेल्या पद्धतीतून सिलिंडर कोरण्याचे यंत्र निघाले. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकीही चूक नाही, असे बोल्टन यांनी त्याबद्दल लिहून ठेवले आहे. ओतकामवाला म्हणून मला हे वाक्य वाचताना दरवेळी थोडा मत्सर वाटतो.

परंतु गोष्ट तिथे संपत नाही, आणि माझ्या परीक्षणाला लागू पडणारा भाग पुढेच आहे. १७७५ साली बोल्टन यांनी आपल्या राजकीय ओळखी कामाला लावून संसदेकडून वॉट यांच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. त्या पंचवीस वर्षांत कॉर्नवॉलच्या खाणींनी कोळशाच्या बचतीचा तिसरा हिस्सा या दोघांना मोजला, आणि हॉर्नब्लोअर यांच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनासारखी दुसऱ्यांची सुधारणा पेटंटच्या कुंपणापाशी अडकून पडली. पेटंट संपल्यावर कॉर्नवॉलच्या खाणवाल्यांनी निराळी वाट धरली: १८११ पासून कोणते इंजिन किती कोळशात किती पाणी उपसते याचा मासिक अहवाल ते छापू लागले, जो कोणालाही वाचता येई. पुढच्या तीसेक वर्षांत तिथल्या इंजिनांची सरासरी कार्यक्षमता सुमारे तिपटीने वाढली. एकाच मैत्रीने आधी एक यंत्र जगाला दिले आणि नंतर त्याच यंत्राची पुढची सुधारणा पाव शतक रोखून धरली. ती माणसे मधल्या काळात दुष्ट झाली नव्हती. त्यांचे हितसंबंध तेवढे बदलले होते.

आमच्या गटातही दुसऱ्या वर्षी तेच घडू लागले, आणि त्याला संस्थेने हातभार लावला. सभासदांसाठी एक ॲप आहे. त्यात बैठकीच्या तारखा आणि टिपणे असतात तसेच ‘गटांतर्गत व्यवहार’ नावाचे एक पानही आहे, ज्यात कोणी कोणाला किती धंदा दिला याची बेरीज दिसते. वर्षअखेरीस सर्वाधिक बेरीज असलेल्या गटाचा सत्कार होतो. संस्थेच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे, कारण बैठकीतल्या एका प्रश्नाचे मोल आकड्यात दाखवता येत नाही, खरेदीचे येते. पण त्यामुळे झाले असे की पॅकेजिंगवाले औषध कारखान्याला खोकी पुरवू लागले, वाहतूकवाले आम्हा तिघांचा माल नेऊ लागले, कर्जसंस्थेच्या प्रमुखांनी दोघांच्या यंत्रांना कर्ज दिले, आणि माझे नवे पॅटर्न गटातल्या पॅटर्नवाल्यांकडे जाऊ लागले. मीही एका सभासदाच्या कंपनीत स्वतंत्र संचालक म्हणून बसलो. ‘स्वतंत्र’ या शब्दाचे मला तेव्हा काही वाटले नाही.

एका धंद्याला एकच खुर्ची हा नियम प्रतिस्पर्ध्याला बाहेर ठेवतो. ग्राहक, पुरवठादार, सावकार आणि सहसंचालक यांच्याबद्दल तो गप्प आहे. दोन वर्षांत आमचा गट अनोळखी माणसांचा राहिला नाही. तो एक छोटी बाजारपेठ झाला होता, आणि समन्वयकांच्या त्या काटेकोर अर्ध्या तासाची धार हळूहळू बोथट होत गेली.

हे मला लक्षात आले ते तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, वाळूचे साचे थेट छापणाऱ्या यंत्राच्या निमित्ताने. या तंत्रात संगणकातल्या आराखड्यावरून वाळूचा थर पसरवून त्यावर बाइंडर फवारत साचा आणि कोअर घडवतात, त्यामुळे पॅटर्न लागतच नाही. मोठ्या संख्येच्या मालाला ते आज महाग पडते, पण नमुना-कास्टिंग आणि लहान संख्येची गुंतागुंतीची कामे यांत पॅटर्न बनण्याची आठवड्यांची वाट टळते. मी यंत्र घ्यायचे म्हणत नव्हतो. छापील साचे बाहेरून घेऊन नमुन्यांचे काम सुरू करावे का, एवढाच माझा प्रश्न होता. दहा मिनिटे बोललो. प्रश्नांचा अर्धा तास सुरू झाला आणि पहिली काही मिनिटे कोणीच बोलले नाही. मग कर्जसंस्थेच्या प्रमुखांनी मागणी किती आहे असे विचारले, वाहतूकवाल्यांनी छापलेले साचे प्रवासात फुटतात का असे विचारले, आणि माझ्या शेजारी बसलेले पॅटर्नवाले शांतपणे म्हणाले, “पाहा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पण अजून घाई करण्यासारखे काही नाही.” समन्वयकांनी हा सल्ला आहे म्हणून त्यांना तोडले नाही. मीही पुढे रेटले नाही, कारण आदल्याच महिन्यात त्यांनी माझे एक अडलेले काम दोन रात्री जागून पुरे करून दिले होते.

त्या खोलीत कोणी खोटे बोलले नाही आणि कोणी कट केला नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. पॅटर्नवाल्यांना आपल्या मालाची काळजी होती, कर्जसंस्थेचा पैसा त्यांच्या नव्या यंत्रात अडकला होता, औषध कारखान्याच्या संचालिका त्या दिवशी आल्या नव्हत्या, आणि मला कोणाचे मन दुखवायचे नव्हते. पहिल्या वर्षी याच खोलीत मला निदान वीस अवघड प्रश्न आले असते. सहा महिन्यांनी आमच्या एका जुन्या ग्राहकाने नवीन पंपाचे नमुने दुसऱ्या फाउंड्रीकडून करून घेतले. त्यांनी छापील साचे वापरले होते आणि आम्ही जिथे पॅटर्नचा आराखडा मंजूर करून घेत बसलो असतो तेवढ्या दिवसांत कास्टिंग हातात दिले होते. नमुना ज्याच्याकडे, पुढची ऑर्डरही बहुधा त्याच्याकडेच, हे आमच्या धंद्यात सर्वांना माहीत आहे.

असा मोठा आणि नोंदलेला दाखला पोलाद उद्योगात आहे. १९०७ च्या आर्थिक घबराटीनंतर यूएस स्टीलचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी यांनी अमेरिकेतल्या पोलाद कंपन्यांच्या प्रमुखांना जेवायला बोलावण्याचा परिपाठ सुरू केला. करार नाही, सही नाही, फक्त एकमेकांच्या विश्वासाला जागून भाव स्थिर ठेवण्याची सभ्य माणसांतली समजूत. १९११ सालापर्यंत ती मेजवानी चालू होती, आणि त्याच वर्षी सरकारने खटलाही भरला; मेजवानी थांबली तरी एकमेकांच्या वाटेला न जाण्याची सवय त्या उद्योगात दीर्घकाळ राहिली. त्याची किंमत किती, हे ठरवणे सोपे नाही, कारण इतरही कारणे होती. पण ऑस्ट्रियातल्या लिंझ येथे १९५२ साली वरून शुद्ध प्राणवायू सोडून पोलाद करण्याची जी पद्धत उत्पादनात आली, ती ओपन हार्थ या जुन्या प्रकारच्या भट्टीचे आठ-दहा तासांचे काम पाऊण तासाच्या आत करत होती. अमेरिकेत ती पहिल्यांदा उचलली १९५४ साली मॅक्लाउथ या तुलनेने लहान कंपनीने, आणि सर्वांत मोठ्या कंपन्या त्या दशकात ओपन हार्थवरच पैसा घालत राहिल्या व १९६० च्या दशकात या पद्धतीकडे वळल्या. लहान कंपनीचे अभियंते अधिक हुशार होते असे मला वाटत नाही. मोठ्या कंपन्यांचे प्रमुख एकमेकांकडे पाहून खात्री करून घेत होते, आणि सगळे जागच्या जागी असल्याने प्रत्येकाची खात्री पटत होती.

ओहायोतल्या यंग्सटाउनमध्ये १९ सप्टेंबर १९७७ रोजी एका पोलाद कारखान्याने मोठे युनिट बंद करण्याची घोषणा केली आणि सुमारे पाच हजार माणसांचे काम गेले. पेनसिल्व्हेनियातले ॲलनटाउनही पोलादाच्या आधारावर उभे होते, पण पुढे ते बरेच सावरले. या दोन शहरांची तुलना करणाऱ्या समाजशास्त्रीय अभ्यासात जे आढळले ते माझ्या गटाकडे पाहताना वारंवार आठवते: यंग्सटाउनमध्ये तीच घराणी बँकेच्या संचालक मंडळावर, तीच कारखान्याच्या मंडळावर आणि तीच क्लबात होती, त्यामुळे एक धागा तुटला तेव्हा सगळे एकदम उसवले, ॲलनटाउनमध्ये विद्यापीठांची आणि स्काउटसारख्या संस्थांची मंडळे अशा माणसांना एकत्र आणत होती ज्यांचे एरवी काही देणेघेणे नव्हते. उलट टोकही तितकेच धोक्याचे आहे. न्यू यॉर्कच्या तयार कपड्यांच्या उद्योगाबद्दल १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात, फक्त ओळखीतल्यांशीच व्यवहार करणाऱ्या आणि फक्त परक्यांशीच व्यवहार करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कंपन्या बंद पडण्याची शक्यता अधिक दिसली, आणि दोहोंचे मिश्रण ठेवणाऱ्या कंपन्या जास्त तगल्या. त्यामुळे पॅटर्नवाल्यांकडून काम घेणे ही माझी चूक होती असे मी मानत नाही. ज्यांच्याकडून काम घेतो त्यांच्याच समोर त्या कामाला पर्याय शोधायला बसलो, ही चूक होती, आणि सेवेच्या रचनेत तिला अडवणारे काही नव्हते.

आता सेवेच्या इतर अंगांबद्दल. गोपनीयता चोख पाळली गेली. तीन वर्षांत माझी एकही गोष्ट बाहेरून माझ्या कानावर आली नाही. भाव आणि ग्राहकांची वाटणी यांबद्दल सभासदांनी आपसात काय बोलू नये याचे एक पान सुरुवातीला देतात. ते नीट लिहिलेले आहे, पण दुसऱ्या वर्षापासून त्याची कोणी आठवण करून दिली नाही. पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने सुमार होती. वार्षिक निवासी शिबिर आनंदाचे होते, त्यापलीकडे त्याबद्दल लिहिण्यासारखे नाही.

समन्वयकांबद्दल मात्र थोडे अधिक लिहायला हवे. आमचे समन्वयक स्वतः निवृत्त कारखानदार होते, त्यांची ऐकून घेण्याची हातोटी असामान्य होती आणि पहिल्या दीड वर्षात त्यांनी आमच्याकडून जे काढून घेतले ते दुसऱ्या कोणाला जमले नसते. पण त्यांचे मानधन गटातल्या सभासदसंख्येवर ठरते, हे मला तिसऱ्या वर्षी कळले. जुना सभासद गेला आणि नवा मिळायला चार महिने लागले तर त्या चार महिन्यांचे नुकसान त्यांचे. अशा माणसाने गटातल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांशी व्यवहार असलेल्या सभासदाला, ‘तुमचा हा सल्ला आहे, प्रश्न नाही,’ असे म्हणून तोडावे ही अपेक्षा भाबडी आहे. खुर्च्या ठरावीक काळाने रिकाम्या व्हाव्यात, निदान दरवर्षी तिघांनी दुसऱ्या गटात जावे, असे मी लेखी सुचवले होते. उत्तर सौजन्याचे आले: सभासदांचे समाधान सध्याच्या रचनेत सर्वाधिक आहे. ते खरेही असावे. शेवटच्या पाहणीत मीसुद्धा समाधानाच्या रकान्यात वरचाच आकडा लिहिला होता, कारण माणसे आवडत होती.

ज्यांचा कारखाना एकाच धंद्याच्या घोळक्यात वाढला आहे, ज्यांच्या भोवती कंपनीतले किंवा घरातलेच लोक सल्ला देतात, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी, पण दीड-दोन वर्षांपुरती. सही करण्याआधी ज्या गटात बसवणार आहेत त्याबद्दल तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: गेल्या वर्षभरात किती नवे सभासद आले, कोण कोणाला माल किंवा कर्ज देतो याची यादी गटासमोर उघड असते का, आणि प्रश्न मांडताना ज्याचा त्यात आर्थिक संबंध आहे त्याने तसे आधी सांगायचे अशी पद्धत आहे का. मी विचारले असते तर शेवटच्या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले असते, आणि तरीही पहिल्या वर्षासाठी मी सही केलीच असती. ज्यांना मुख्यतः नवे ग्राहक हवे आहेत त्यांना ही सेवा बरी वाटेल, परंतु त्या कामासाठी याहून साधे मार्ग आहेत. पाचपैकी तारे द्यायचेच तर पहिल्या अठरा महिन्यांना साडेचार आणि नंतरच्या अठरा महिन्यांना दोन.

मी चौथ्या वर्षाचे नूतनीकरण केले नाही आणि त्या संचालकपदाचाही राजीनामा दिला. औषध कारखान्याच्या संचालिकांनी माझ्या आधी तीन महिने गट सोडला होता. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ खोकी बनवतात आणि पॅकेजिंगवाल्यांचे जुने भागीदार आहेत, म्हणजे एका धंद्याला एकच खुर्ची हा नियमही ‘खोकी’ आणि ‘छपाई’ असे दोन धंदे मोजून सैल केलेला दिसतो. सभासदत्व सोडायचे असेल तर मुदत संपण्याच्या साठ दिवस आधी लेखी कळवावे लागते, नाहीतर ते आपोआप पुढे चालू राहते. हे कलम करारपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे.